पलीकडचा काठ

अकराशे सेहेचाळीस सह्या.
फाइल जड आहे, वर दोन रबरबँड.
पहिली सही जगदीशभाईंची, ज्यांच्या पार्किंगमध्ये
गेल्या भादव्यात मगर येऊन बसली होती
स्कूटरच्या आडोशाला, भाडं भरल्यासारखी.
शेवटचा अंगठा गंगाबा दरजींचा.
मधे कुठेतरी माझ्या धाकट्या जावेची सही, तिच्या त्या तिरप्या वळणाची.
मागणी एका ओळीची:
विश्वामित्रीला आपल्या बाजूने भिंत घाला.

मी उज्ज्वला शिर्के. वॉर्डात उज्ज्वलाबेन,
त्याआधी बावीस वर्षं भूगोलाची बाई.
नदी निळ्या खडूने काढायचे,
खडू संपला की पांढऱ्याने.

रविवारी सर्व्हेअर पोराला घेऊन काठाने चालले.
त्याने लाल-पांढरी पट्टी चिखलात रोवली, डोळा मिटला,
म्हणाला, मॅडम, आजव्याचं पाणी सुटलं की कुठेतरी जाणारच.
इथे अडवलं, तर तिथे चार फूट जास्त.
तिथे म्हणजे पलीकडे.
निळ्या ताडपत्र्या, दोरीवर धुणं,
एक पोरगी आम्हाला बघून उगाचच हात हलवत होती.
तो वॉर्ड माझा नाही.
त्यांची एकही सही माझ्याकडे नाही.

रेवाकुंजच्या ओट्यावर नकाशा पसरला
सेव-उसळीच्या डिशा बाजूला सारून.
सगळ्यांनी ऐकून घेतलं. वाईट माणसं नाहीत ही.
पुरात ट्रॅक्टरच्या ट्यूबवर पातेली ठेवून
पलीकडे खिचडी यांनीच पोचवली होती, दोन दिवस.
जगदीशभाई हळूच म्हणाले,
बेन, भूगोल बरोबर असेल.
पण आम्ही तुम्हाला शिकवायला नाही पाठवलं.

मत दिलं, म्हणतात.
दिलं म्हणजे कसं?
वाटीभर साखर शेजारणीला द्यावी तसं,
की तेवढीच मोजून परत यावी?
की मुलगी दिली म्हणतात तसं,
की आता तिचं तिने बघावं?
दिलेल्या मुलीलाही माहेरचे फोन येतातच म्हणा,
आणि ती ते उचलते.

आणि मी चुकलेही आहे.
गटाराची लाइन टाकताना सखाराम पोवार,
जन्मभर पंपावर नोकरी केलेला माणूस,
सांगत होता, बाई, या अंगाला उतार नाही.
मी नकाशावर बोट ठेवलं,
त्याच्या बोटाकडे पाहिलं नाही.
पहिल्याच पावसात त्याच्या देवघरात घाण पाणी.
तो भांडायला आला नाही.
देव अजून फ्रिजवर आहेत त्याचे.
तेव्हापासून मला माझ्या शहाणपणाची
जरा धास्तीच वाटते.

पक्षाचं मत रात्री साडेअकराला मोबाइलवर आलं,
शेवटी अंगठ्याचं चित्र.

सभागृहात ठराव क्रमांक सत्तेचाळीस.
अनुकूल?
भोवती हात उगवले.
माझा टेबलाखाली, फाइलीवर,
रबरबँड ताणत, सोडत.
प्रतिकूल?
एक हात वर गेला. बांगडी कोपरापर्यंत घसरली,
तेव्हा कळलं, माझाच.
मागून कोणीतरी हसलं.
ठराव मंजूर. पुढचा विषय, भटकी गुरं.

म्हणजे अकराशे सेहेचाळीस माणसांना
हवं ते मिळालं, माझ्यावाचून.
आणि पलीकडच्या पोरीला
माझ्या हाताचा काहीही उपयोग झाला नाही.
रिक्षात बसून मी हे दोन्ही हिशेब
कालाघोड्याच्या पुलापर्यंत करत होते.
खाली पाणी गुडघाभर, शेवाळी,
दगडावर एक मगर तोंड उघडून ऊन खात होती.

संध्याकाळी ओट्यावर कोणी खुर्ची सरकवली नाही.
गंगाबांनी पाणी दिलं. चहा नाही विचारला.

घरी आले तर फाटकाशी सखाराम पोवार.
आत ये म्हटलं, आला नाही.
चप्पल चिखलाची आहे म्हणाला, ती नव्हती.
मग म्हणाला, बाई,
भिंत व्हायचीच असेल तर
तिला खालून दारं ठेवता येतात का,
पाणी चढलं की उघडायची?
पंपावर आम्ही ठेवायचो.

मला माहीत नव्हतं.
तसं सांगितलं त्याला.