पुठ्ठा

अठरा महिने, नान्ना, ती म्हणाली,
पदवीच्या कागदापासून मोजून अठरा.
तेवढ्यात पदवीला शोभेल अशी नोकरी लागली
तर कार्ड निळं होतं.
नाही लागली तर?
तर बघू.
तिच्यामागं किटलीची शिट्टी, तिथं संध्याकाळचे साडेपाच,
इथं रात्रीचे दहा,
अशोक चौकातला शेवटचा पानवाला शटर ओढत होता.

तिचं बोलणं मी लिहून घेतलं
एका बाद कार्डाच्या पाठीवर.
चादरीवरच्या मोराचं कार्ड, मान चुकलेलं.
एक, नोकरी.
दोन, पीएचडी, म्हणजे अजून चार वर्षं विद्यार्थी.
तीन ती घाईघाईत बोलली:
येमूलांच्या सुनेचा भाऊ, तिकडचाच नागरिक झालेला,
आम्ही दोघंही हसलो
आणि मग कितीतरी वेळ नेटवर्क गेल्यासारखे गप्प.
चार मी माझ्या मनानं लिहिलं, तिला न विचारता.
भोकांमधून जागा काढत अक्षरं बसवली,
‘परत’मधला र एका भोकात पडला.

एकतीस वर्षं मी पुठ्ठ्याला भोकं पाडतोय.
भोक असलं की सुई आत शिरते, दोरा वर.
नसलं की दोरा खाली.
मधलं काही नसतं.
स्रवंतीला मी असंच शिकवलं होतं, सातवीत,
परीक्षेच्या आदल्या दिवशी, अम्मा ओरडत असताना.
तिच्या कार्डाचा फोटो मोठा करून बघितला.
भोक कुठंच नाही.
गुळगुळीत प्लास्टिक, कान दिसतील असा चेहरा,
खाली एक तारीख.
दोरा वर आहे की खाली,
कळेना.

बँकेतले हत्तुरे साहेब चहा पाजून म्हणाले,
मुलगी हुशार आहे हो अन्नलदास,
हप्ता मात्र डिसेंबरपासून.

मग एकदा तिनं काचेतला फोटो पाठवला.
केम्निट्झमधलं एक म्युझियम,
दिव्याखाली माझा पुठ्ठा.
माझा नाही, दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणाचातरी,
पण तीच शिवण, तोच काठ,
आणि जर्मनमध्ये पाटी: हात लावू नये.
इकडं अक्कलकोट रोडला नवे माग कॉम्प्युटरवर चालतात,
पुठ्ठा मागणारे चार कारखाने उरलेत,
त्यातला एक उधारीवर.

शनिवारी-रविवारी ती तिथं लोकांना दाखवायला लागली
भोक म्हणजे काय, दोरा कसा उठतो.
म्हातारे जर्मन टाळ्या वाजवतात म्हणे.
हे मला कोणी शिकवलं, असं विचारतात,
मी सांगते.
काय सांगतेस, मी विचारलं नाही.

कार्यालयातली बाई म्हणाली,
हे काम पदवीला धरून नाही,
पगारही बसत नाही,
अठरातले अकरा संपले.
स्रवंती हे सांगताना टॉवेलनं केस पुसत होती,
टॉवेल आपलाच, निळ्या काठाचा,
काठ विटलाय.
मी म्हणालो, काठ विटलाय गं.
ती म्हणाली, नान्ना, मी काय सांगतेय?

म्युझियमच्या जुन्या मागाला एक संच हवाय.
तिनं नमुना पाठवला, साधं फूल,
शहाण्णव कार्डं.
पाच रात्री बसलो.
एकही बाद गेलं नाही, या वयात.
वर शेंगाचटणीचं पाकीट ठेवलं, दोन पिशव्यांत,
तेल पुठ्ठ्याला लागू नये म्हणून.

नवी पेठेतला कुरियरवाला पोरगा फॉर्म भरत होता.
आत काय?
पुठ्ठा. चटणी.
जुना पुठ्ठा?
नवा.
किंमत सांगा काका.
विकायचा नाही म्हटलं तर म्हणाला,
तरी लिहावीच लागते, कस्टमवाले अडवतात,
रिकामी चौकट चालत नाही.
मागं दोघं-तिघं खोळंबले होते.
पोरानं पेन माझ्यासमोर धरलं.