पोत

माझ्या फोनमध्ये एकच गाणं सात वेळा आहे.
हळदीचं. चार ओळींचं. खार दांड्याचं.
कोणी बांधलं, कुणाला ठाऊक नाही.

पहिलं पोशीमावशीचं.
ओंडक्यावर बोंबील कापता कापता म्हटलेलं.
मासा अडला की गाणं थांबतं,
डोकं उडालं की पुढे जातं.
मला वाटायचं, मावशी तालाला कच्ची.
मग कळलं, ताल तिच्या कोयत्यात आहे
आणि गळ्यात नुसता दम.
तिसऱ्या ओळीत 'थांब गो पोरी उंबऱ्यान'
इथे सूर अर्धाच उतरतो,
एक पाय आत, एक पाय बाहेर.
वाकली की तिची पोत ओंडक्याला घासायची.
स्टुडिओत नवा होतो तेव्हा
तो आवाज मी खरकटं समजून पुसून टाकला.

दुसरं इग्नेशियस मिस्किटाच्या बँडचं.
सहाचं गाणं त्यांनी आठात कोंबलं,
कारण वरातीला चालायचं असतं.
पण तो अर्धा सूर
इग्नेशियस क्लॅरनेटवर ओठांनी वाकवतो,
पुढचे दोन दात पडलेत तरी.

डीजेवाल्याने फक्त 'थांब' ठेवलं.
थांब थांब थांब थांब,
आणि पहाटे दोनपर्यंत
कुणीही थांबलं नाही.

नरिमन पॉइंटला हॉटेलच्या लॉबीत
फ्रेनी दुबाश पियानो वाजवते.
तिला चाल मीच शिकवली.
दोन पट्ट्यांच्या मधली जागा पियानोला नसते.
तिने दोन्ही एकदम दाबल्या,
एक लगेच सोडली.
म्हणाली, "उंबरा."
मी कॉफीचे साडेचारशे न कुरकुरता दिले.

उरलेली तीन सांगण्यासारखी नाहीत.
एक तर माझंच आहे, बेसूर.

फ्रेनी म्हणते, चाल म्हणजेच गाणं,
बाकी कपडे.
मी रोज थर सुटे करतो,
आवाज इकडे, ढोल तिकडे,
आणि सगळं सोलून झाल्यावर
गाणं नेमकं कुठल्या खणात राहिलं
ते मला अजून दाखवता आलेलं नाही.

गेल्या मार्गशीर्षात मावशीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं.
आवाज गेला.
पंधराव्या दिवशी ती पुन्हा ओंडक्यापाशी.
मी रेकॉर्डर लावला तो कावळ्यांसाठी,
ओहोटीच्या चिखलासाठी, असाच.

खट् खट्-खट्.
खट् खट्-खट्.
मग कोयता वर गेला आणि
जरासा
वरच राहिला.

पलीकडून सुकट निवडणारी नाकूबाई
मान वर न करता ओरडली,
"कोनाची हलद हाय गो?"

मावशीने कोयत्यानेच
टोपलीतल्या बोंबलाकडे बोट केलं.
दोघी हसल्या. एकीचाच आवाज आला.

आता आठ झाली.
आठव्यात ना शब्द, ना सूर.
हेडफोन लावून रात्री ऐकलं,
दोन ठोक्यांच्या मध्ये
पोत घासते आहे लाकडाला.

या वेळी हात लावला नाही.
पहिल्याची जुनी कॅसेट शोधतो आहे,
न पुसलेली.