अठरा नंबर

सिटी बसच्या दांडीला धरलेले हात मी बघते.
सांगली ते मिरज, सकाळी पावणेनऊ, नाईट करून सुटलेली.
ह्याला हिरवी जाईल, अठरा नंबर, सरळ रस्ता.
हिला गुलाबी.
त्या म्हाताऱ्याला निळी, तीही मनगटाच्या मागं,
चिमटीत कातडी ताणून.
कुणी विचारलेलं नसतं.
चौदा वर्षं झाली,
मला माणसं कोपरापासून खाली दिसतात.

राजीनामा खिशात आहे.
टीपीआर चार्टच्या पाठीवर लिहिलाय, पहाटे, पेन चालत होतं तोवर.
कारण: घरगुती.
घरातलं तर कुणी काही म्हणालं नाही.
नवरा एकदाच म्हणाला,
तू झोपेत थेंब मोजतेस.
बावीसला थांबतेस आणि परत एकपासून.

खरं कारण कसं लिहायचं?
बेचाळीस खाटा, खाली गाद्या घालून आणखी नऊ,
रात्री आम्ही दोघी. हे तर सगळ्यांना माहीत आहे.
नवव्या गादीवर जतचे बिराप्पा करांडे होते.
दोन वाजता पाणी मागितलं.
म्हटलं, थांबा की जरा, आलेच.
साडेतीनला गेले तर तोंड उघडं टाकून झोपलेले.
मला बरं वाटलं. एक काम कमी.

पुढच्या आठवड्यात सतरा नंबरचा गेला.
तेव्हाही आत कुणीतरी म्हणालं, बरं.
तेच बरं. त्याच आवाजात.
त्याच्या बायकोला धरून मी उभी होते
आणि मनात चादर बदलत होते.

हे अर्जात कुठल्या रकान्यात बसतं?

खालच्या मजल्यावर भिंतीला पुराची रेघ आहे,
पाणी कुठवर चढलं होतं ती.
रंग दिला तरी दरवर्षी ओल धरून वर येते.
इमारतीचं बरं आहे.

रूथ माझ्या बॅचची. आता विश्रामबागेत,
मेडिक्लेमच्या फायली तपासते.
पगार कमी, पण रविवार सुट्टी, खुर्चीला पाठ.
म्हणाली, कागदावरचा पेशंट ओकत नाही गं.
चहा पिताना तिनं स्वतःच्या बोटांचा वास घेतला
आणि हात टेबलाखाली नेला.
मी विचारलं नाही.

मेट्रन गव्हाणेबाईंनी अर्ज दोनदा वाचला.
वर न बघता म्हणाल्या,
तारीख घातली नाहीस.
मग ड्यूटीचा तक्ता काढला,
पिटकेचं बाळंतपण, शेख सिस्टरची कंबर,
आणि अर्ज घडी घालून
परत माझ्याच हातात दिला.
पेन मात्र टेबलावर माझ्याकडं सरकवून ठेवलं.
मी ते उचललं नाही.
का, ते मलाही नीट सांगता येत नाही.

आज बसमध्ये शेजारी एक बाई उभी राहिली.
हात मनगटाच्या वरपर्यंत पिवळा.
आधी वाटलं कावीळ.
डोळे बघितले, पांढरे स्वच्छ.
मग वास आला. हळदीच्या गिरणीतली.
सवयीनं शीर शोधली.
पिवळ्याखाली सापडेना.
दोन स्टॉप मी नुसता हात बघत होते,
केवढा तो पिवळा,
नखांच्या कडेला तर केशरीच.

ड्रायव्हरनं ब्रेक मारला तशी
तिनं माझ्या खांद्याला धरलं.
ओ बाई, खराब केलं की तुमचं, म्हणाली,
आणि हसली, आणि हात काढला नाही.

घरी युनिफॉर्म धुवायला घेतला.
हळदीला साबण लागला की ती लाल होते.
खांद्यावर चार बोटं लालभडक उठली.
मी घाबरले नाही, हातमोजे शोधले नाहीत.
हळद साबणाचं ऐकत नाही, उन्हाचं ऐकते,
म्हणून तसाच दोरीवर टाकला.

खिसा आधी रिकामा केला होता.
अर्ज फ्रिजवर आहे, लाईटबिलाशेजारी,
वर मिठाची बरणी.
तारखेची जागा कोरी.
दुपारी उठेन तेव्हा बघू,
बोटं गेलीत का.