दहा टन, हाताचं

कुसमळीहून सकाळच्या गाडीनं आले.
पिशवीत सुतळी, सुतळीला दोन गाठी:
एक ओंडक्याच्या लांबीची, एक जाडीची.
टेप घरात होता.
पण मष्णू म्हणाला, सुतळीच ने,
आकडे दुकानात गेले की बदलतात.

उद्यमबागेत ईरण्णाच्या शेडात
तीन यंत्रं ओळीनं उभी
आणि बघायला आल्यासारखी
मीच अवघडलेली.

पहिलं विजेचं.
बटण दाबलं की दांडा सरकतो,
लाकूड उकलतं, आवाज पापड मोडल्याएवढा.
"सिंगल फेजवर चालतंय बघा, अक्का."
आमच्याकडं सिंगल फेज म्हणजे
घाईतला पाहुणा,
चहा उकळायच्या आत उठतो.

दुसरं लाल, पेट्रोलचं, चाकांवर.
वीस टन, ईरण्णा म्हणाला.
एवढं जड आमच्या घरातून
एकदाच बाहेर पडलं,
आणि त्याला चार खांदे पुरले.
मी पुढं सरकले.

तिसरं भिंतीकडेला. निळं, हाताचं, दहा टनाचं.
दोन दांडे, लॉरीच्या जॅकसारखे.
वरती ग्रीसचा वास, आणि कुणाचा तरी
अर्धवट पुसलेला पंजा.

"फोडायचं काय?"
आकेशिया, म्हटलं. थोडा किंदळ.
आणि एक फणस, वाऱ्यानं पडलेला,
बुंध्यात पीळ आहे.
तो हसला नाही. पाचरीच्या धारेवर
अंगठा आडवा फिरवला.
"कष्ट आकैतरी," म्हणाला.
त्याच्या भाषेत कष्ट म्हणजे कठीण,
माझ्या भाषेत रोजचं काम.
शब्द तोच. आम्ही दोघांनीही मान हलवली.

वीस वर्षं आमचं लाकूड मष्णूनं फोडलं.
शिमगा झाला की यायचा,
आधी ओंडक्याभोवती एक फेरी,
देवळाला घालतात तशी नव्हे,
बाजारात बैलाला घालतात तशी.
कुठं गाठ, कुठं चीर, कुठं किड्यानं वाट केली,
मग एकच घाव, घाई नसलेला.
ओढ्यापलीकडं गंगाक्का तो ऐकून
आपल्या न्हाणीत जाळ घालायची.
आता बशी धरायला
त्याला दोन्ही हात लागतात.

घासाघीस केली. ईरण्णानं तीनशे सोडले,
वरती तेलाची बाटली दिली.
गाडीत कंडक्टर म्हणाला, याचं अर्धं तिकीट.
म्हटलं, बसलंय कुठं? उभंच आहे की ते.
तरी त्यानं फाडलं.

संध्याकाळी अंगणात मष्णू आला.
यंत्राभोवती फेरी मारली,
पायानं ठोकून बघितलं, काही बोलला नाही.
मग पायरीवर बसून
अंगठ्यानं दाखवू लागला:
असं नव्हे, फिरव. शेंडा तिकडं. व्हय, हितं.
मी दांडा ओढत होते. वर, खाली, वर, खाली.
किंदळ आधी गप्प राहिला,
मग आतून एक बारीक कुरकुर
आणि दोन फाका आपापल्या बाजूला पडल्या.
आतला रंग लालसर, ओलसर,
वास जुन्या पेटीसारखा.
माझ्या हाताला असं काही
पहिल्यांदाच उघडलं.

दुसऱ्या दिवशी गंगाक्का कुंपणाशी.
"लाकडं कवा फोडलीसा? आवाजच न्हाई आला."
तिला काय सांगू?
यंत्र घेताना सगळं विचारलं,
तेल किती, वायसर कुठं मिळतात, पावसात झाकायचं काय.
हे विचारायचं राहिलं.

फणसाशी मात्र दहा टन थांबले.
पाचर दोन बोटं आत गेली
आणि दांडा माझ्याच हातात उलटा रेटू लागला.
मी लटकले, पदर खोचला, परत लटकले.
"ऱ्हाऊ दे," मष्णू म्हणाला,
"त्येचं मन न्हाई."
पाचर काढायला एक दुपार गेली.

तो बुंधा आता पायरीशेजारी आहे.
त्यावर बसून मष्णू
दोन्ही हातांनी चहा पितो
आणि मला चुका सांगतो.