केसपेपर

पहिल्यांदा तो पोरगा आला तेव्हा
कान धरून नुसता ओरडत होता, "आपा! आपा!"
आणि आतून आमचे कंपाउंडर अप्पा बोरस्ते
इंजेक्शनचा ट्रे तसाच हातात घेऊन धावत बाहेर:
"मला कसं ओळखतंय हे?"

आपा म्हणजे दुखतंय.
एवढं मला ठाऊक होतं.
ह्यांची कंपनी होती तेव्हा गुमी गावात,
माझी डिग्री तिथे कपाटात, साड्यांखाली,
आणि मी त्यांच्या इस्पितळात कळा देत
त्या एका शब्दाला रात्रभर लटकलेली.
नर्स विचारायची, कसं? कसं दुखतंय?
त्यांच्याकडे 'कसं'ला खूप उत्तरं आहेत.
मला तेव्हा एकही येत नव्हतं.

आता पाथर्डी फाट्यावर, बेकरीच्या वर, माझा दवाखाना.
अंबडच्या कारखान्यातली बावीस घरं येतात.
चपला बाहेर, आपल्यासारख्याच,
फक्त तोंडं जिन्याकडे वळवून ठेवलेली,
निघायच्या तयारीत.
उक्शिन-उक्शिन म्हणाले की मी लिहिते ठसठस.
ताक्कुम-ताक्कुम म्हणजे टोचणी, किंवा चुरचुर,
डोळा की घसा ते विचारून.
विम्याच्या फॉर्मवर सगळ्याचं 'पेन' होतं.

ओ माल्सून आजी दर मंगळवारी.
छातीवर मूठ आपटतात: ताप्ताप.
ईसीजी काढला, दोनदा. नॉर्मल.
घुसमट लिहावं, तर धूर कुठाय?
कोंडमारा, तर दार उघडंच आहे,
खाली हातगाडीवर द्राक्षं आलीत,
सून चांगली आहे, लिफ्ट चालू आहे.
शेवटी तो शब्द देवनागरीत तसाच ठेवला.
मी रजेवर असताना बसलेला नवा डॉक्टर विचारत होता,
"मॅडम, ह्यांना दोनदा ताप आला होता का?"

आजींना मराठी एकच शब्द येतो, अप्पांनी शिकवलेला.
गोळी जेवणानंतर. बरं.
मीठ कमी. बरं.
पुढच्या मंगळवारी या. बरं.
अप्पा म्हणतात, "बघा, झाल्या की बऱ्या."

काल जाताना, एक पाय चपलेत,
त्यांनी माझं मनगट धरलं, नाडी बघतात तसं,
खूप वेळ.
मग काहीतरी म्हणाल्या.
तो शब्द मी गुमीतही ऐकला नव्हता.
विचारणार होते,
पण तोवर चार नंबर आत येऊन
स्टुलावर बसलाही होता.