पन्नास टाचण्या

फॅशन वीक मी पाठीमागून पाहिला.
म्हणजे पाठीच पाहिल्या. हूक, झिपा, नाड्या,
खांद्यावर पावडर थापून लपवलेले
कांजिण्यांचे, लसीचे, सायकलवरून पडल्याचे डाग.

जालना रोडच्या हॉटेलात, लग्नाच्या हॉलामागं,
एरवी जिलेबीच्या कढया लागतात
तिथं ओळीनं इस्त्र्या लावलेल्या.
गुलमंडीतून मी एकटीच. फॉल-पिकोवाली.
तीन दिवसांचे साडेचार हजार, जेवण त्यांचं,
गळ्यात कार्ड : नलिनी ढवारे, अल्टरेशन.
मनगटावर गादी,
गादीत मोजून पन्नास टाचण्या.

पहिल्या बाईंचं सगळं धुळीच्या रंगाचं.
म्हणाल्या, ही इथली माती, इथला उन्हाळा.
मी हात लावून पाहिला. कापड महाग, गार.
खरं सांगू, देखणं होतं.
पण हा रंग मी सदऱ्यांच्या कॉलरमधून
आयुष्यभर घासून काढलाय,
आठव्या दिवशी येणाऱ्या नळाच्या पाण्यात.
आता तोच पोरींच्या अंगावर निघाला
आणि पलीकडं टाळ्या वाजल्या.

दुसरा आला हिमरू घेऊन.
जॅकेटं, पायघोळ कोट, एक तर घोड्याच्या झुलीएवढा.
समोरून बदाम, वेली, डाळिंबं.
सवयीनं मी आतली बाजू उलटून पाहिली.
शहागंजच्या वहिदुद्दीन चाचांचं कापड उलटं केलं
की मागं सुटे धागे लोंबायचे,
विणताना मनात आलेलं सगळं
तिथं ठेवून दिल्यासारखे.
हे मागूनही गुळगुळीत. छापलेलं.
मला विचारलं कुणी? म्हणाले, बाही अर्धा इंच.
अर्धा इंच घेतली.

तिसऱ्याचं मला समजलं नाही.
लोखंडी कड्यांचा घागरा, सोळा किलो,
बसायची सोय नाही, लघवीला जायची तर नाहीच.
पोरी तासभर भिंतीला टेकून,
पाहुणे गेल्यावर उभ्या करून ठेवलेल्या गाद्यांसारख्या.
पण चालायला लागल्या आणि तो आवाज,
कुणीतरी अंधारात जिन्यावरून
साखळी ओढत नेतंय, घाई नाही,
तो अजून कानात आहे.

शेवटच्या रात्री, शेवटून दुसरी पोरगी.
सगळ्यांशी इंग्रजीत, माझ्याशी हिंदीत :
आंटी, थोडा टाइट.
टाइट केलं, तर काखेत शिवण उसवली.
बाहेर संगीत सुरू. चाळीस सेकंद.
अंगावरच शिवायला घेतलं,
सुई कातडीला लागली आणि ती कळवळली,
"अगं माय, लय टोचायलंय की!"

दोरा दातात धरून मी थांबले.
"कुठली गं तू?"
तिनं आरशाकडं पाहिलं, माझ्याकडं नाही.
"उदगीर. कुणाला सांगू नका."
आणि लगेच चढवलं
ते काहीच न वाटल्याचं तोंड,
आणि उजेडात गेली.

पडद्यामागं एक छोटा टीव्ही होता.
त्यात ती पहिल्यांदा समोरून दिसली.
सगळे कपडा पाहत होते, मी काख.
शिवण दिसली नाही.
कपडा कसा होता विचाराल तर आठवत नाही.
हिरवा असावा.

रात्री शेअर रिक्षात टाचण्या मोजल्या.
एकोणपन्नास.
क्रांती चौकाच्या सिग्नलला पुन्हा मोजल्या.
रिक्षावाला म्हणाला, मावशी, काय हरवलं?
टाचणी, म्हटलं.
तो हसला, आणि ते बरोबरच होतं.

कुठल्या कपड्यात राहिली कुणास ठाऊक.
पेटीत घडी होऊन गेली असेल दिल्लीला, दुबईला.
तिथं कुणी तो घालेल, वळेल, वाकेल,
तेव्हा कळेल
ती पोरगी कुठल्या भाषेत ओरडते.