एकेचाळीस सेकंद

माझे प्रश्न ठरलेले असतात.
पहिला, नाशिक कसं वाटलं?
(हवा सगळ्यांना आवडते. मिसळ दोघांना बाधली.)
दुसरा, दौरा कुठून कुठे?
आणि तिसरा, तुमची प्रेरणा?
तेव्हा बहुतेकांचा हात कानाच्या पाळीकडे जातो
आणि गुरूंचं नाव येतं. रेडिओवर हात दिसत नाही,
म्हणून मी सांगते, कानाला हात लावलाय बरं का यांनी.

बारा वर्षं. कॉलेज रोड, तिसरा मजला,
अंड्यांच्या ट्रेसारख्या फोमच्या भिंती.
कोलकात्याचा सरोदवाला आला होता,
इथल्या थंडीनं तारा उतरल्या म्हणून
माझ्यावरच चिडलेला.
बंगळुरूची चार पोरं, आधी वायनरीत जाऊन आलेली,
प्रेरणा विचारली तर हसतच सुटली.
ते हसू मी ठेवलं. चांगलं होतं.
धुळ्याकडच्या मथुराबाईंनी विचार करून सांगितलं,
"सासू. ती झोपली की मी गायची."

रेवणसिद्ध कोरे मात्र स्टुडिओत आलेच नाहीत.
अक्कलकोटकडचे. क्लॅरिओनेट.
लग्नाच्या बँडमधून ऑर्केस्ट्रात,
तिथून एका मोठ्या गायकाच्या मागच्या रांगेत,
डावीकडून पाचवे.
गाडी घोटीला बंद पडली, वेळ गेली,
मग मीच रेकॉर्डर घेऊन भद्रकालीतल्या लॉजवर गेले.
खिडकी लागत नव्हती, कडी तुटलेली.
खाली तांबट आळी.

तिसरा प्रश्न विचारला.
ते गप्प.
मी मानेनं खुणावलं, बोला.
ते गप्प, आणि खाली कुणीतरी
हंड्याचं बूड ठोकत होतं,
ठण्, ठण्, ठण्, चौथा हुकलेला,
मग दोन जोडून.
त्यांची बोटं मांडीवर
नसलेल्या चाव्या दाबत होती, सोडत होती.
मी घड्याळ पाहिलं.
शेवटी म्हणाले, "हां. गुरुकृपा. लिहा तसंच."
"लिहायचं नाही, बोलायचं असतं."
"मग बोललो की."

आमच्याकडे आठ सेकंदांच्या पुढची शांतता म्हणजे बिघाड.
इंजिनीअरच्या टेबलावर लाल दिवा लागतो.
मी एकेचाळीस सेकंद कापले.
सांधा इतका साफ बसला की माझं मलाच कौतुक,
प्रश्न, आणि लगेच गुरुकृपा.

आठवड्यानं फोन आला, उदगीरहून,
मागे स्टँडवरची घोषणा चालू.
"ताई, ते ठोकणं आलं का हो रेडिओवर?
आमचा बाप तसाच चौथ्याला हुकायचा.
दुसऱ्याच्या दुकानात ठोकायला होता.
एकाच डोळ्यानं दिसायचं त्याला."
मी म्हटलं, आलं. स्पष्ट आलं.
"मग झालं," म्हणाले, आणि एसटी लागली असावी.
उदगीरला आमचं केंद्र ऐकू येत नाही,
म्हणून खोटं निभावलं.

तुकडा फेकला नव्हता. का, ते विचारू नका.
फोल्डरचं नाव 'कचरा दोन'.
'कचरा एक'मध्ये खोकले, खुर्च्या,
एका तबलजीची उचकी.

परवा रात्री द्राक्षावरच्या औषधाची जाहिरात संपली
आणि अकराच्या टोल्याला पाऊण मिनिट उरलं.
नाव नाही, प्रस्तावना नाही, नुसता लावला.
नवव्या सेकंदाला इंजिनीअर खैरनारचा फोन,
"मॅडम, हवेत काहीच जात नाहीये."
"जातंय. आवाज वाढव."
खुर्ची करकरली त्याच्याकडे.
"कोण ठोकतंय एवढ्या रात्री?"
मी म्हटलं, मोज.
मोजतोय की वैतागलाय, कळेना,
पण फोन ठेवला नाही त्यानं.
सव्वीस, सत्तावीस.
चौथा यायचा होता.